देम्यानची फांदी

माणूस गेला की त्याच्या झाडातलं सगळ्यांना सगळं कळायला लागतं. देम्यान जिवंत होता तेव्हा हीच मंडळी त्याला वेड्यात काढायची. आता तो मातीखाली गप्प पडलाय म्हटल्यावर जो तो त्याच्या वतीने बोलायला मोकळा.

कापितोलिना, म्हणजे देम्यानची बायको कापा, झाडासमोर उभी होती. हातात देम्यानचा कलमाचा चाकू, काखेत गोणपाट. मार्चची सकाळ होती. रात्रीच्या थंडीने बर्फावर कडक पापडी धरली होती, म्हणून बुंध्यापर्यंत चालत जाता आलं. ऊन चढलं की हीच पापडी फुटणार आणि माणूस मांडीपर्यंत आत जाणार. म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत. खाली धरणामुळे हिवाळ्यातही न गोठणाऱ्या येनिसेई नदीवरून वाफ उठत होती आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

आणि काय करायचं तेच कापाला कळत नव्हतं.

शहराला वळसा घालणारा नवा रस्ता नेमका ह्या दाचांवरून, शहरातल्या लोकांच्या ह्या बागघरांवरून, जाणार होता. बर्फ वितळला की बुलडोझर येणार. रस्ता आखणाऱ्यांना नकाशावर इथे म्हणे मोकळी जागा दिसली. माणसं इथे बटाटे लावतात, वाफेची न्हाणीघरं बांधतात, कुंपणावरून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धारतात, म्हातारी होतात, आणि ही मोकळी जागा! लोकांना नदीपल्याड नवे तुकडे मिळाले होते. लाकडी घराचे ओंडके सुटे करून नेता येत होते. म्हातारं झाड तसं नेता येत नाही. त्याच्या काड्या कापायच्या, बर्फाच्या ढिगात भुसा घालून पुरायच्या आणि मे महिन्यात दुसऱ्या रोपावर बांधायच्या. झाड जातं, पण त्याची जात राहते.

पण काड्या कापायच्या कुठल्या फांदीच्या?

देम्यानने हे झाड रानेत्काच्या बुंध्यावर बांधलं होतं. रानेत्का म्हणजे इथलं अर्धरानटी सफरचंद. बोराएवढं फळ, लांब देठ, चावलं की कानापर्यंत आंबट. पण थंडीत लोखंड तडकतं तेव्हाही ते उघड्यावर उभं असतं. बाकीचे सगळे मोठ्या सफरचंदाची झाडं जमिनीवर लोळवून वाढवायचे, फांद्या आकड्यांनी मातीला दाबून, म्हणजे हिवाळाभर बर्फाची रजई त्यांच्यावर राहते. देम्यानला ते बघवायचं नाही. "हे झाड आहे की पायपुसणं?" असं तो शेजारच्या येफिमला तोंडावर विचारायचा. त्याला उभं झाड हवं होतं. फळ अक्रोडाएवढं असलं तरी चालेल, पण गोड हवं आणि झाड उभं हवं. आणि ते मला मिळालं, असं तो सांगायचा. नाव काय ठेवलं विचारलं की म्हणायचा, "घाई काय आहे?"

पण बुंधा रानेत्काचाच होता, आणि तो गप्प बसणारा नव्हता. खालून, मधून, जिथे जागा मिळेल तिथून तो आपल्या फांद्या वर काढायचा. दर वसंतात देम्यान शिडी लावून वर चढायचा, काही फांद्या उडवायचा, काही ठेवायचा. कुठली कुठली ते त्याच्या डोक्यात. ते डोकं मागच्या सप्टेंबरात इस्पितळात थांबलं. फळं झाडावरच राहिली, ती हिवाळ्यात शेंडीवाल्या पाखरांनी खाल्ली. एक देठ म्हणून मागे उरला नव्हता.

"तू बायको ना त्याची? तुला ठाऊक असणार!" येफिम कुंपणाच्या भगदाडातून आत येत म्हणाला. नाक लाल, कानटोपीची एक बाजू वर, एक खाली.

हे वाक्य कापाने ह्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते कोणाच्या तरी घशात परत कोंबावंसं वाटत होतं. बायको! कुंपणापाशी उभा राहून देम्यान ह्या येफिमला तासन् तास कलमं समजावून सांगायचा. ती ब्रेडच्या कारखान्यातून पाळी संपवून येऊन विचारायची, काय बोलत होता रे एवढं? तर म्हणायचा, "तू पाकाच्या साखरेचं बघ." बादली तिच्या हातात. वर चढून फळं तो काढणार आणि खाली शिडी ती धरणार. शिडी धरणाऱ्या माणसाला शिडीच दिसते.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "तुला सांगत होता ना सगळं? तूच सांग."

"मला?" येफिम दचकला. "मी कुठे ऐकत होतो! माझ्या झाडाला पायपुसणं म्हणणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? मी नुसती मान हलवायचो. बायकोपासून लांब उभं राहायला तेवढंच निमित्त."

कापाने त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं. एकाला सांगायची हौस, दुसरा ऐकत नव्हता, आणि जिला ऐकायचं होतं तिला साखर.

आग्न्या घरातून चहाचा थर्मास घेऊन आली. कापाची मुलगी, शहरात दात बसवण्याच्या दवाखान्यात काम करणारी. येतानाच बोलत आली, "आई, अजून सुरुवात नाही? अगं, चिंध्या आहेत की! बाबांनी चिंध्या बांधल्यात. बघ, ती उजवीकडची जाड फांदी."

चिंधी होती खरी. कापाच्या जुन्या निळ्या गाऊनची. एका फांदीवर एक, दुसरीवर एक लोंबणारा तुकडा, आणि खाली बर्फात एक गळून पडलेली. ती कुठून गळली देव जाणे.

"बाबांनी आपल्या फांद्यांना खूण केली होती," आग्न्या म्हणाली. "झालं तर. चिंधीवाल्या काप."

"काय सांगतेस!" येफिम ओरडला. "अगं पोरी, चिंधी बांधतात ती जी उडवायची तिला! शरदात बघून ठेवायचं, बांधायचं, वसंतात बांधलेली दिसली की चालव करवत. इथे सगळे असंच करतात. माझ्या बापापासून!"

"येफिमकाका, सगळे करतात म्हणून बाबा तसं करतील? बाबा आयुष्यात कधी सगळ्यांसारखं वागले होते का?"

कापाला पटलं. पोरगी बरोबर बोलत होती. पण देम्यान मुद्दाम उलटं करणारा होता तसा घाईच्या वेळी चारचौघांसारखं करणाराही होता. लग्नात त्याने सगळ्यांसारखेच घट्ट बूट घातले होते आणि सगळ्यांसारखाच लंगडत नाचला होता. मग चिंध्या बांधताना तो कोण होता?

"दोन्हीपैकी काही नाही," फाटकाकडून आवाज आला. बागमंडळाचे अध्यक्ष इन्नोकेन्ती ल्वोविच. ट्रॉलीबस डेपोचे निवृत्त प्रमुख. आजही चालताना असे चालायचे जणू सगळी वाहनं त्यांच्यासाठी थांबलीत. "नमस्कार, कापितोलिना येगोरोव्ना. चिंध्या पाखरांना घाबरवण्यासाठी आहेत. मी स्वतः त्याला तो सल्ला दिला होता."

"मग पाखरं घाबरली का?" येफिमने विचारलं.

"सल्ला चांगला होता. पाखरं वाईट होती."

अध्यक्ष आले होते रोपाचं विचारायला. नव्या तुकड्यांवर मंडळ प्रत्येकाला मुळासकट एक रानेत्काचं रोप देणार होतं. एकाला एकच. त्यावर ज्याने त्याने आपलं कलम बांधावं. आणि रोपाच्या पाटीवर जातीचं नाव लिहायचं होतं.

"देम्यानचं नाव राहावं अशी मंडळाची इच्छा आहे," ते म्हणाले. "पण पाटीवर देम्यान लिहायचं आणि वर रानेत्का लागायची, असं व्हायला नको. हसू होईल. तर फांदी नक्की करा."

हसू होईल! बाईला चिंता कशाची, ह्यांना चिंता कशाची. कापाला मंडळाच्या पाटीचं काही पडलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की त्या माणसाने सगळं आयुष्य ज्याच्या मागे घातलं, रविवार घातले, समुद्रावर जायचं राहिलं, ते बुलडोझरखाली जाऊ नये. आणि ते तिच्या हातून चुकीची काडी कापल्यामुळे तर मुळीच जाऊ नये. देम्यान एकदा मेला होता. दुसऱ्यांदा तो तिच्या चाकूने मरणार होता की काय?

"लाकूड बघू या," येफिम म्हणाला. "लाकूड खोटं बोलत नाही. हिवाळा किती वाईट होता! जानेवारीत तर गाड्यांची तेलंसुद्धा गोठली. नाजूक जातीचं लाकूड आतून तपकिरी पडतं. रानेत्काचं पांढरंच राहतं. दे चाकू."

त्याने चिंधीवाल्या फांदीची एक डहाळी तिरकी कापली. चौघांची डोकी एकत्र आली. आतून तपकिरी, चहा सांडल्यासारखी. मग बिनचिंधीच्या फांदीची कापली. पांढरी स्वच्छ, कडेला हिरवी रेघ.

"बघा!" येफिम. "तपकिरी म्हणजे नाजूक. नाजूक म्हणजे लावलेली. लावलेली म्हणजे देम्यानची. चिंधीवालीच! मीच चुकलो, पोरीचं बरोबर."

"पण थांबा," आग्न्याचा चेहरा पडला. "बाबा तर म्हणायचे माझ्या झाडाला थंडी शिवत नाही. आतून पांढरं असतं. मला लहानपणी कापून दाखवायचे ते. पांढरं! म्हणजे पांढरी बाबांची."

"मग तपकिरी कोणाची? बुंधा रानेत्काचा. रानेत्का तपकिरी पडते होय कधी?"

"काका, मला काय विचारता!"

कापाने दोन्ही डहाळ्या हातात घेतल्या. तपकिरी देम्यानची असेल, तर देम्यान जन्मभर बढाया मारत होता आणि त्याचं झाड थंडीने आतून कुजत होतं. पांढरी देम्यानची असेल, तर ती आणि रानेत्का कापल्यावर एकसारख्याच, आणि मग तपकिरीचं करायचं काय? तिने डहाळी चावून बघितली. कडू. दुसरी चावली. तीही कडूच. काटे बघितले, रानटी फांदीला काटे असतात म्हणून. दोन्हीला होते, थोडे इकडे, थोडे तिकडे.

"मी बोलू का स्पष्ट?" इन्नोकेन्ती ल्वोविच म्हणाले.

"नको," येफिम म्हणाला.

"बोलतो. आठवतंय, बर्फ न पडताच थंडी आली होती तो हिवाळा? तुमची आग्न्या शाळेत होती. त्या वर्षी ह्या काठावरची निम्मी कलमं गेली. माझ्या मते देम्यानचंही तेव्हाच गेलं. बुंधा जगला, त्याने नवा शेंडा काढला. देम्यान त्यालाच आपलं झाड समजत राहिला. किंवा..." त्यांनी हातमोजे नीट केले, "किंवा समजत नव्हता, पण सांगत राहिला. उभं राहिलं ना, कारण ते रानेत्काच होतं. देम्यानचं असं सफरचंद नव्हतंच मुळी."

नदीकडून बोटीचा भोंगा आला.

कापाला राग आला तो आधी अध्यक्षांचा, मग देम्यानचा, आणि मग कोणाचा ते तिलाच कळेना. हा माणूस घट्ट बुटांचा, ओरडणारा, हट्टी, सगळं मान्य. पण खोटारडा? आणि तिला का माहीत नसावं? ती त्याच्या कुशीत झोपली होती. त्याच्या पायाची कुरुपं तिने कापली होती. आणि त्याचं झाड खरं की खोटं हे ट्रॉलीबसवाल्याने तिला सांगावं?

"मुरंबा!" ती एकदम म्हणाली.

"काय?"

"तळघरात एक बरणी आहे. गेल्याच्या गेल्या वर्षीची. त्याच्या हातची फळं, माझ्या हातचा पाक. चला आत."

घर गार होतं, पण चूल पेटवली होती. कापाने जमिनीतलं झाकण उचललं, स्वतः खाली उतरली आणि बरणी वर आणली. हा मुरंबा तिचा होता. ह्यातलं तिला कोणी शिकवायचं कारण नव्हतं. फळं अख्खी घ्यायची, देठासकट. काट्याने टोचायची म्हणजे साल फुटत नाही. पाकात एक उकळी, मग रात्रभर मुरू द्यायचं, परत उकळी, परत मुरू द्यायचं. शेवटी फळ असं होतं की उजेडाला धरलं तर आतल्या बिया दिसतात. मग देठाला धरायचं आणि तोंडात सोडायचं.

"रानेत्काचा देठ लांब," ती म्हणाली. "आणि ह्याच्या फळाचा आखूड. मला आठवतं, धरता यायचं नाही, बोटं चिकट व्हायची. मी चिडायचे. म्हणायचे, एवढं झाड बनवलंस तर देठ का नाही नीट बनवलास?"

"आई! मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं? फांदी विचारत होते सगळे. देठ कोणी विचारला?"

येफिम हसला. अध्यक्ष हसले नाहीत. कापाने बशीत फळं काढली. पाकातून एकेक वर आलं, लालभडक, चमकणारं.

पहिल्याचा देठ आखूड. दुसऱ्याचा लांब. तिसऱ्याचा लांब. चौथं मोठं होतं, अक्रोडाएवढं, पण देठ लांब. मग एक बारकं, देठ आखूड. मग एकाला देठच नाही.

आग्न्याने लांब देठाची बशीच्या एका बाजूला सारली, आखूड देठाची दुसऱ्या.

"दोन्ही मिसळलीत," आग्न्या हळूच म्हणाली. "बाबा एकाच बादलीत टाकायचे."

"म्हणजे त्याचं सफरचंद होतं!" येफिमने मांडीवर थाप मारली. "आखूड देठ म्हणजे देम्यानचा!"

"रानेत्कातही आखूड देठ निघतात," इन्नोकेन्ती ल्वोविच म्हणाले. "माझ्याकडे आहे तसं एक." पण त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा डेपोतला नव्हता. त्यांनी एक फळ उचललं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. "हे गोड आहे. साखरेने की मुळातच?"

"मला काय विचारता? मी साखरेचं बघायचे, फळाचं तो," कापा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच हसू फुटलं, आणि मग ते हसू की रडू ते कोणाला सांगता आलं नसतं. आग्न्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण उभी राहिली.

कारण ह्या मुरंब्याला देम्यान काय म्हणायचा ते तिला आठवलं होतं. बशी पुढे ओढून, येईल त्या पाहुण्याला म्हणायचा, हे माझं झाड. हे माझं फळ, असं तो कधी म्हणाला नव्हता. ह्यात गहन काही असेल असं तिला वाटलं नाही. तो बोलायचाच तसा, वेडावाकडा. पण वर्षानुवर्षं तिने जे शिजवलं आणि त्याने जे मिटक्या मारत खाल्लं ते हे होतं, मिसळलेलं. ह्यातलं खरं कुठलं ते ती आता फोडून काढायला निघाली होती, तेही मार्चमध्ये, पानं नसताना, फळं नसताना, तीन शहाणे कानाशी ठेवून.

"दोन्ही कापते," ती म्हणाली.

"रोप एकच मिळणार आहे, कापितोलिना येगोरोव्ना."

"एकाच रोपावर दोन्ही बांधीन."

"अगं, रानेत्काच्या रोपावर रानेत्का बांधणार?" येफिम ओरडला. "पाण्यात पाणी ओतून ढवळणार? आणि रानटी फांदी जोरात वाढते, ती दुसरीला खाऊन टाकेल. इथे तेच झालं असणार! दर वर्षी वर चढून छाटावं लागेल."

"मग चढीन."

"ह्या गुडघ्यांनी?"

"शिडी तू धर. इतकी वर्षं मी धरली. आणि चाकू कसा चालवायचा तेही तूच दाखवायचंस. आता. मान हलवायचं काम बास झालं तुझं."

येफिमने कानटोपीची वर गेलेली बाजू खाली ओढली.

"आणि पाटीवर काय लिहायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाटी कोरी ठेवा. घाई काय आहे?"

हे कोणाचं वाक्य आहे ते तिच्या लक्षात आलं, आणि तिला परत देम्यानचा राग आला. बरं वाटलं.

बाहेर पापडी मऊ पडायला लागली होती. इन्नोकेन्ती ल्वोविच फाटकाकडे निघाले आणि पाचव्या पावलाला एक पाय कमरेपर्यंत आत गेला. "थांबा, मदत नको!" ते ओरडले, आणि मग बराच वेळ मदत लागली.

येफिमने दाखवलं. काडी पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची वाढ, डोळ्याच्या वर तिरका काप. कापाचा पहिला काप चेंगरला, दुसरा बोटात गेला. तिसरा बरा होता. "ह्याला बरा म्हणतात?" येफिम म्हणाला. "तू तुझं पायपुसणं सांभाळ," कापा म्हणाली. तपकिरी फांदीच्या काड्यांत जीव आहे की नाही हाही प्रश्नच होता. येफिम म्हणाला, साल हिरवी आहे म्हणजे असेल. असेल! आज सकाळपासून तिला मिळालेल्या सगळ्या उत्तरांत हेच एक बऱ्यापैकी होतं.

दोन जुड्या झाल्या. बांधायला काही नव्हतं, म्हणून तिने फांद्यांवरच्या त्या निळ्या चिंध्याच सोडल्या आणि जुड्यांना गुंडाळल्या. गाठ मारताना तिचा हात थांबला. दोन्हीला एकाच गाऊनची चिंधी. मे महिन्यात भुशातून काढल्यावर कुठली कुठली हे कोणाला कळणार? तिलाही कळणार नव्हतं. तिला कळलं, तरी तिच्यानंतर कोणाला?

तिने एका चिंधीला एक गाठ मारली, दुसरीला दोन.

"आग्न्या, इकडे ये. थर्मास ठेव खाली. बघ नीट. एक गाठ ती चिंधीवाल्या फांदीची, आतून तपकिरी. दोन गाठी ती बिनचिंधीची, आतून पांढरी. म्हणून दाखव."

"आई, मी काय शाळेत आहे?"

"म्हणून दाखव."

आग्न्याने म्हणून दाखवलं. मग विचारलं, "आणि ह्यातली बाबांची कुठली?"

"माहीत नाही," कापा म्हणाली. तिने दोन्ही जुड्या गोणपाटात घातल्या. कापलेलं बोट तोंडात धरलं. बोटावर रक्त होतं, मुरंब्याचा पाक होता आणि सालीचा कडूपणा होता. "मला माहीत नाही, हे पण नीट लक्षात ठेव. उद्या मी गेले आणि कोणी म्हणालं, कापाला सगळं ठाऊक होतं, तर त्याच्या तोंडावर सांग. नव्हतं."